पावसातील वाट आणि सोबत

आपल्या दख्खन देशाच्या इतिहासात पावसाळा हा साऱ्या हालचालींना लगाम घालणारा काळ होता. मृग बरसू लागला की राजांच्या फौजा छावणीस जात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मगच पुन्हा बाहेर पडत. व्यापाऱ्यांच्या गाड्या काळ्या जमिनीत आसापर्यंत रुतत. तेव्हा तेही आपला माल कोठारात टाकून चार महिने स्वस्थ बसत. बौद्ध भिक्षू वर्षावासासाठी विहारात राहत, आणि जैन मुनी चातुर्मासात एकाच गावी मुक्काम करीत. राजा, व्यापारी आणि विरक्त यांचे विचार सहसा जुळत नाहीत. परंतु पावसात वाट चालू नये याविषयी मात्र तिघांचेही एकमत होते.

असे असता, याच देशात एक समुदाय शतकानुशतके नेमका उलट वागत आला आहे. बाकीचे सारे घराकडे वळतात, तेव्हा तो घराबाहेर पडतो. आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरास पोहोचावयाचे, म्हणजे ज्येष्ठाच्या उत्तरार्धातच निघावयास हवे. आणि तेवढ्यात तर पावसाला तोंड लागते. वारकऱ्याची वाट ही अशी मुळातच पावसातली वाट आहे. भक्तीच्या अंगाने वारीचे वर्णन पुष्कळ झाले आहे. आज तिच्याकडे इतिहासाच्या अंगाने, आणि तेही केवळ पावसाच्या निमित्ताने पाहावे, असा माझा विचार आहे. ज्या पावसाने बादशाही फौजा मागे फिरविल्या, त्या पावसात हे अनवाणी लोक कशाच्या बळावर चालले? आणि त्या बळाची मर्यादा कोठे होती?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मी धाराशिव जिल्ह्याचा पश्चिम भाग निवडला आहे. निजामाच्या अमदानीत उस्मानाबाद हे नाव मिळालेल्या या जिल्ह्याला २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव हे जुने नाव परत मिळाले. पैठणहून निघणारी श्रीएकनाथ महाराजांची पालखी याच भागातून जाते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला ती पैठण सोडते, आणि सुमारे अठरा दिवसांत अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरास पोहोचते. बीड जिल्ह्यातील पाटोदा मागे टाकून ती खर्ड्यास येते. तेथून भूम तालुक्यातील दांडेगाव, परंडा तालुक्यातील अनाळा आणि मग खुद्द परंडा. पुढे सोलापूर जिल्ह्यातील कुर्डू, सावता माळ्यांचे अरण, करकंब, आणि अखेर चंद्रभागेचे वाळवंट.

नकाशावर पाहिले म्हणजे या वाटेचा एक विशेष ध्यानात येतो. ती गोदावरीच्या काठावरून निघते आणि भीमेच्या काठी संपते. अर्थात मध्ये कोठे तरी तिला दोन महानद्यांमधील पाणलोट ओलांडणे भाग आहे. तो बालाघाटाच्या डोंगरावर येतो. मांजरा नदी पाटोद्याच्याच परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वळून गोदावरीला मिळते. डोंगर उतरून खर्ड्याकडे आले की पावसाचा थेंब सीनेच्या वाट्याला जातो. भूम आणि परंडा या तालुक्यांचे पाणी सीनेला आणि सीनेचे भीमेला जाते खरे, पण तो संगम पंढरपूरच्या पुष्कळ खाली आहे. या रानातील पाण्याला विठ्ठलाचे पाय लागत नाहीत. तेथवर जावयाचे ते माणसालाच.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत पडलेला आहे. पाऊस येथे थोडा, लहरी आणि म्हणूनच फार मोलाचा. त्याची वाट पाहण्यात वर्ष जाते, आणि तो आला की तासाभरात ओढ्याला पूर येऊन वाट बंद होते. काळी जमीन पायाला अशी धरते की, दहा पावलांत पायतणाला शेरभर चिखल चिकटतो. मग शहाणा माणूस पायतण काढून हातात घेतो.

आता या जिल्ह्यात पावसासाठी थांबलेल्यांच्या खुणा पाहू. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत. ती आरंभी बौद्ध असून पुढे जैनांकडे आली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कनकामर मुनीच्या 'करकंडुचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्यांची कथा आली आहे, ती यांच्याचविषयी असल्याचे मानले जाते. विहार म्हटला म्हणजे मध्यभागी मोठे दालन आणि भोवती लहान लहान खोल्या. वर्षाऋतूत विरक्तांनी एकत्र राहावे, चर्चा करावी, आणि पायाखाली नव्याने उगवणारे तृण व जीवजंतू तुडवू नयेत, हा त्यामागील हेतू. तो उदात्त होता यात शंका नाही. परंतु त्याला खडकाचे छप्पर लागले, आणि खडक कोरून घेण्यास दाते लागले.

याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर ही फार मोठी नगरी असल्याचे सांगितले आहे. तेथील नाना प्रकारचे कापड गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून भडोच बंदराकडे नेत. ते नगर म्हणजेच हे तेर, ही गोष्ट फ्लीट या विद्वानाने १९०१ साली मांडली, आणि पुढे सापडलेल्या अवशेषांनी ती दृढ झाली. येथे मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना अभ्यासक इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या अशाच मूर्तीशी करतात. एवढा दूरवरचा हा व्यापार होता. गंमत अशी की, ज्या नैर्ऋत्य वाऱ्याच्या पाठीवर बसून ती परदेशी गलबते आपल्या किनाऱ्याकडे येत, तोच वारा इकडे पाऊस आणून तगरच्या गाडीवाटा चिखलात बुडवीत असे. व्यापार संपला, बंदरे बदलली, आणि ज्या गाडीवाटेने तेरचे कापड समुद्राला भेटले, ती आज कोणी बोटाने दाखवू शकत नाही.

राजांचेही तेच. पालखी ज्या खर्ड्यास मुक्काम करते, तेथे १७९५ साली मराठे आणि निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा एका निशाणाखाली लढल्याचा हा शेवटचा मोठा प्रसंग. ती लढाई मार्च महिन्यातली, कोरड्या जमिनीवरची. परंड्याच्या किल्ल्याची कथा तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. एकनाथ महाराजांनी १५९९ साली देह ठेवला. त्याच्या पुढच्याच वर्षी मोगलांनी अहमदनगर घेतले, आणि मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परंड्यास तख्तावर बसविले. काही काळ हे गाव एका राज्याची राजधानी होते. 'मुलुखमैदान' ही प्रचंड तोफ याच किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला नेण्यात आली. पुढे १६३४ साली शाहजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांनी परंड्यास वेढा घातला. सुरुंग लावले, चकमकी झाल्या. पण सरदारांत फूट पडली, चारा-दाणा मिळेना, आणि पावसाळा तोंडावर आला. तेव्हा बादशाही फौज वेढा उठवून बऱ्हाणपुराकडे परतली.

हा प्रसंग मनात ठेवून परंड्याच्या त्याच तटाजवळून जाणारी पालखी पाहावी. बादशहाच्या पुत्राला हत्ती, घोडे, तोफा आणि खजिना असूनही जो पाऊस परतवू शकला, त्याच्याच आरंभी दरवर्षी हे लोक येथे येतात, रात्र काढतात आणि सकाळी पुढे जातात.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. फौजेला चारा लागतो आणि गाडीला रस्ता. वारकऱ्याला पायवाट पुरते. दुसरे कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. वारी ही प्राधान्याने शेतकऱ्यांची. वेळेवर पाऊस झाला तर मृगात पेरणी होते, आणि पेरणी व खुरपणी यांच्या मधल्या काळात कुणब्याला काही दिवस मोकळे मिळतात. बी मातीत पडलेले असते, उगवणे त्याच्या हाती नसते. त्या अवघड दिवसांत घरी बसून आभाळाकडे पाहत राहण्यापेक्षा तो चालू लागतो.

तिसरे कारण मात्र या दोहोंहून मोठे, आणि ते म्हणजे सोबत. वारकऱ्यांनी ही सोबत नशिबावर सोडली नाही, तिची संस्था बनविली. पंढरपुरातील तेराव्या शतकातील 'चौऱ्याऐंशीच्या' शिलालेखात यादव राजा रामदेवराव याचा उल्लेख पंढरीच्या फडाचा प्रमुख असा आला आहे. यावरून 'फड' हा शब्द किती जुना आहे, ते दिसते. पुढे तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला, आणि आळंदीच्या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आजची शिस्तबद्ध घडी घालून दिली. दिंडी, तिचा विणेकरी, टाळकऱ्यांच्या ओळी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, प्रत्येकाची ठरलेली जागा, कोणी किती चालावयाचे, कोठे थांबावयाचे, शिधा कोणी शिजवावयाचा, या साऱ्याचे नियम आहेत. एकट्याने पाऊस सोसवत नाही, शंभरांत सोसवतो, हा अनुभव या नियमांच्या मुळाशी आहे.

याची प्रचीती घेण्यासाठी पुस्तकांपेक्षा वाटच बरी. आषाढाच्या आरंभीच्या एका दिवशी मी दांडेगावाकडून अनाळ्याच्या दिशेने या पालखीबरोबर चाललो. माझ्या शेजारी भूम तालुक्यातील साठी उलटलेले एक शेतकरी होते. वारीच्या रीतीप्रमाणे ते मला 'माउली' म्हणत, मीही त्यांना तसेच म्हणे. त्यामुळे नावागावाची देवघेव बरीच उशिरा झाली. दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आले, आणि पाहता पाहता माळावर आडवा पाऊस सुरू झाला. पखवाजावर घाईघाईने प्लॅस्टिकचे कापड चढले. विणेकऱ्याने वीणा छातीशी धरून तिच्यावर उपरणे ओढले. कोणी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, कोणी चौघांत मिळून एक मेणकापड धरले. टाळ मात्र थांबले नाहीत; भिजल्याने त्यांचा नाद थोडा बसका झाला, एवढेच.

मी सोबत्याला विचारले, "माउली, पेरणी उरकून आलात का?"

"पेरलं अन् निघालो," ते म्हणाले. "उगवायचं काम आपलं नव्हंच की."

पुढे एका ओढ्याला पाणी आले होते. गुडघाभरच, पण ओढ असलेले. कोणी आज्ञा केली नाही, तरी पाच-सहा तरुण आपोआप पाण्यात उतरून हातात हात घालून उभे राहिले, आणि त्यांच्या आधाराने म्हातारी माणसे पार झाली. त्यात ओळखीचे कोण आणि अनोळखी कोण, याचा विचार कोणी केला असेल असे वाटले नाही. पलीकडे गेल्यावर माझ्या सोबत्याने डोक्यावरची खोळ पिळली, आणि आपण होऊन एक जुनी गोष्ट सांगितली.

"माझा बाप मागच्या दिंडीत चालायचा. त्याच्या वक्ताला पाऊस लागला की पुढची दिंडी देवळात, मधली वाड्याच्या ओसरीवर, अन् आमची गावाबाहेर चिंचेखाली. टाळ सगळ्यांचे एकाच तालात वाजायचे. पर आमचे भिजलेले."

गावाचे नाव त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. ते गाव कोणतेही असू शकले असते.

श्रोतेहो, वारीच्या इतिहासातील खरा प्रश्न या चार वाक्यांत आहे. कोरड्या दिवशी समता सोपी असते. आभाळाखाली साऱ्यांना सारखीच जागा मिळते. पाऊस आला की छपराची गरज लागते, आणि छप्पर म्हटले की ते कोणाचे आणि त्याखाली कोणाला घ्यावयाचे, हे प्रश्न उभे राहतात. संतांनी दिलेला शब्द वाळवंटात पाळणे एक, आणि ओसरीवर पाळणे दुसरे.

संतांना स्वतःला हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. याच जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाका कुंभारांचे गाव. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. त्यांच्या घरी संतमेळा जमला असता मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याकडे पाहून, या जमलेल्या मडक्यांत कच्चे कोणते ते सांगा, असे म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. विठ्ठलाच्या नित्य सहवासातला हा भक्त कच्चा ठरावा, याचे नामदेवांना फार दुःख झाले. पण त्यांनी तो निर्णय मानला आणि ते विसोबा खेचरांना शरण गेले. आपण ही कथा अध्यात्माच्या अर्थाने ऐकतो. परंतु ती कुंभाराच्या घरातली आहे, हे विसरू नये. कच्चे मडके आणि भाजलेले मडके दिसावयास एकसारखे. दोहोंतील भेद कळतो तो पाणी लागल्यावर. कच्च्याचा चिखल होतो. पावसाळ्यात आवा विझलेला असतो, म्हणून पावसापूर्वी जे भाजून निघाले तेवढेच टिकते, ही गोष्ट गोरोबांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

ज्यांची पालखी या वाटेने जाते, ते एकनाथ महाराज याच परीक्षेला उतरलेले होते, असे परंपरा सांगते. काशीहून रामेश्वराकरिता कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले, आणि बरोबरीचे यात्रेकरू आश्चर्याने पाहत राहिले. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे मूल त्यांनी कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. या साऱ्या कथांत एक समान सूत्र आहे. नाथांनी सोबत म्हणजे काय हे तत्त्व म्हणून सांगितले नाही, तर पाणी, अन्न आणि आसरा यांच्या रूपाने दिले.

तरीही नाथांच्या मागे चालणाऱ्या समाजाला ते तसेच्या तसे घेता आले नाही. चोखामेळ्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, आत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना अंगावर भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. इरावती कर्वे यांनी आळंदीच्या वारीत चालून लिहिलेल्या लेखात, एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी दिवसभर एकत्र भजन करून जेवावयास मात्र वेगळी बसतात, हे मनाला लागलेले दुःख नोंदविले आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या ग्रंथाला जोडलेल्या, गांधीजींना दिलेल्या उत्तरात याहून कठोर बोट ठेवले. संतांनी माणसे देवापुढे समान आहेत असे सांगितले. माणसे माणसांपुढे समान आहेत यासाठी त्यांनी झगडा केला नाही, असा त्या म्हणण्याचा आशय. हे विधान वारकऱ्यांना बोचणारे आहे, पण पावसाच्या रात्री गावाबाहेरच्या चिंचेखाली बसून ऐकले तर ते खोडून काढणे कठीण जाते. आणि तरीही याच बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ ज्या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक आहेत. संतांचा शब्द आणि समाजाचे वर्तन यांतील अंतर त्यांनी किती नेमके पाहिले होते, ते या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे कळते.

हे अंतर आपोआप कमी झाले नाही, कमी करावे लागले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण आरंभिले, आणि दहा दिवसांनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले करण्याचा निर्णय झाला. ज्या दारापुढे चोखोबा थांबले, ते दार उघडावयास सहा शतके लागली.

याच सुमारास या वाटेवरची दुसरीही एक भिंत पडली. आजचा पालखीमार्ग १९४८ पूर्वीच्या नकाशावर ठेवून पाहिला तर मोठी मौज दिसते. पैठण आणि पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. खर्डा इंग्रजी मुलखात. दांडेगाव, अनाळा, परंडा पुन्हा निजामाकडे. आणि कुर्डूपासून पंढरपूरपर्यंत पुन्हा इंग्रजी. संस्थानात हाली शिक्का चाले, इकडे कलदार रुपया. सरहद्दीवर करोडगिरीची नाकी असत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्या सरहद्दीची आज खूणही राहिली नाही. इंग्रज आणि निजाम यांच्या सीमा ज्या वाटेने वारंवार ओलांडाव्या लागल्या असत्या, ती वाट मात्र राहिली.

पावसाची वाट नेहमीच सुखरूप होती, असेही कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ यात्रेबरोबर गावोगाव फिरे. गढूळ पाणी आणि दाटीची वस्ती हे तिचे वाहन. आपल्या काळात २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे पायी वारीच थांबली. एकनाथ महाराजांच्या आणि इतर मानाच्या संतांच्या पादुका एकादशीच्या आदल्या दिवशी वाहनाने पंढरपुरास नेण्यात आल्या. १ जुलैची एकादशी मोजक्या माणसांत पार पडली. ते योग्यच होते. परंतु त्या वर्षी एक गोष्ट स्पष्ट झाली. पादुका पोहोचल्या, तरी वारी झाली असे कोणी म्हणाले नाही. कारण दांडेगावात भाकरीच्या चुली पेटल्या नाहीत, अनाळ्यात कोणी दाराशी तांब्या घेऊन उभे राहिले नाही, आणि वाटेवरच्या गावांना आपले दार उघडण्याची संधी मिळाली नाही. वारी म्हणजे केवळ चालणारे नव्हेत, वाटेवरची गावेही होत. अठरा दिवसांची वाट काही तासांत संपली, तेव्हा हिशेबातून वगळले गेले ते हेच.

त्या पावसाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुक्कामाला पोहोचलो, तेव्हा आमच्या वाट्याला शाळेचा वर्ग आला. फळ्यावर मुलांच्या बेरजा तशाच होत्या. बाकांवर धोतरे आणि लुगडी वाळत पडली, कोपऱ्यात पखवाज टेकला, आणि पुढच्या, मधल्या, मागच्या अशा सगळ्याच दिंड्यांतील भिजलेली माणसे दाटीवाटीने बसली. जेवणाच्या पंगती त्याच खोलीत झाल्या. माझ्या सोबत्याला मी दुपारच्या गोष्टीची आठवण दिली आणि विचारले, "मग आता कसं?"

त्यांनी वर छताकडे पाहिले. "आता शाळा हाय," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली.

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. देऊळ देवाचे म्हणत, पण त्याचे मालक निराळे होते. वाडा पाटलाचा, ओसरी सावकाराची. शाळेचे छप्पर मात्र गावाने आणि सरकारने मिळून घातलेले. त्यावर कोणा एकाचे नाव नाही, म्हणून त्याखाली कोणालाही नाही म्हणता येत नाही. संतांचा शब्द पुढे नेण्याचे काम कीर्तनाने केले, तसेच कायद्याने, उपोषणाने आणि या साध्या पत्र्याच्या छपरानेही केले. सारे संपले असे मी म्हणत नाही. आजही काही ठिकाणी चुली वेगळ्या पेटतात, आणि दिंड्यांच्या नावांवरून पुष्कळ काही ओळखता येते. पण तेव्हाचे चिंचेचे झाड आणि आताची शाळा यांच्यामध्ये एका पिढीने चाललेली जी वाट आहे, ती पैठण ते पंढरपूर या वाटेहून लहान नाही.

धाराशिवच्या लेण्यांतील भिक्षू पावसासाठी थांबले, तेरचे व्यापारी थांबले, परंड्याखालचे मोगल परत फिरले. वारकरी थांबला नाही, कारण त्याच्याजवळ सोबत होती. पण ती सोबत खरी की नुसती टाळांपुरती, हे दरवर्षी पावसानेच तपासले, आणि पुढेही तोच तपासील. या पालखीमार्गाचे रूप आता बदलत आहे. रस्ता रुंद होत आहे, चिखल कमी होत आहे, आणि ते वारकऱ्यांच्या सुखाचेच आहे. तथापि रस्ता कितीही चांगला झाला, तरी आषाढात पाऊस येणारच, आणि भिजलेला माणूस कोणाच्या तरी दाराशी उभा राहणारच. आपल्यापैकी जे शहरात राहतात, त्यांच्या दाराशी तो खोळ पांघरून येत नाही; कधी भाड्याने खोली मागावयास येतो, कधी नुसता जिन्याखाली थांबावयास. त्याला त्याचे नाव आणि आडनाव विचारण्यापूर्वी आत घेता आले, तर गोरोबाकाकांचे थापटणे आपल्याही डोक्यावर पडावयास हरकत नाही.